नळीतली काजळी

‘‘रायफल गोळ्यांनी झिजत नाही पोरांनो, साफ करणाऱ्यांनी झिजते.’’ आमच्या उस्तादांचं हे ठरलेलं वाक्य. साताऱ्याकडचे हवालदार, फौजेतून एनसीसीवर आलेले. ऐंशीच्या दशकात वर्ध्याला बी.एस्सी. करताना मी त्यांच्या हाताखाली होतो. परेडमध्ये माझं मन फारसं रमलं नाही. कोतमध्ये मात्र रमलं. शस्त्रं ठेवायच्या त्या खोलीत तेलाचा, जुन्या लाकडाचा आणि जळक्या दारूचा असा एक मिसळलेला वास असायचा. बाहेर वर्ध्याचा मे महिना रणरणत असताना त्या जाड भिंतींआड बसून रायफली पुसायला माझी कधी ना नव्हती.

उस्तादांच्या वाक्याचा अर्थ कळायला पुलथ्रू हातात घ्यावा लागतो. एका टोकाला पितळी वजन बांधलेली दोरी, तिला फासे. फाशात चिंदी अडकवायची, वजन मागून, काडतूस बसतं त्या चेंबरकडून नळीत सोडायचं आणि तोंडाकडून ओढायचं. दिसायला सोपं काम. पण दोरी जमिनीवर पडते, तिच्यात बारीक रेती बसते, आणि ओढणारा कंटाळला की ती तिरकी ओढतो. मग दोरी नळीच्या तोंडाच्या कडेवर एकाच जागी घासत राहते. वर्षानुवर्षं असं झालं की पोलादातही खाच पडते. गोळी नळी सोडते ती शेवटची कड बिघडली, की बाकी नळी आरशासारखी असून काही उपयोग नाही. म्हणून आमच्याकडे एकाने रायफल धरायची आणि दुसऱ्याने सरळ रेषेत, एका दमात ओढायचं असा नियम होता. मध्येच थांबलं की चिंदी अडकते. तेवढ्यासाठी दोरीला एक फासा राखीव असतो, अडकलेली चिंदी उलटी ओढून काढायला.

चिंदीचंही माप ठरलेलं. कोरडी पुसायची तर चार इंच बाय दोन इंच, तेल लावायचं तर चार बाय दीड. तेलाने कापड फुगतं म्हणून अरुंद. सरकारी फ्लॅनेल संपलं की घरून जुनं कापड आणायचं. मी एकदा आजोबांचं विरलेलं खादीचं धोतर नेलं. आजोबा सेवाग्रामला नेमाने जाणारे, रोज सूत कातणारे. धोतराचं काय झालं ते कळल्यावर ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘बंदूक पुसायलाच नेलं ना? मग ठीक आहे.’’ शहराच्या एका बाजूला 1936 साली गांधीजी येऊन राहिले ते गाव आणि दुसऱ्या बाजूला पुलगावचं लष्कराचं अवाढव्य दारूगोळा भांडार, अशा जिल्ह्यात एवढी तडजोड चालायचीच. आणि खरं सांगतो, जुनी खादी तेल फार छान पिते.

थ्री-नॉट-थ्रीची सफाई वेगळी आणि पॉइंट टू-टूची वेगळी, हे कोतमध्ये लवकर कळतं. थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाच्या बुडावर ‘के.एफ.’ असा शिक्का असे, म्हणजे खडकीच्या कारखान्याचा माल. त्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं, मिठाचाच भाऊबंद. हवेतली ओल ओढून ते नळीला गंजवतं, आणि तेलाने ते अजिबात निघत नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही. त्याला पाणीच हवं. म्हणून फायरिंगच्याच दिवशी वाकड्या नळीच्या नरसाळ्याने चेंबरमधून उकळतं पाणी सोडायचं. उकळतं अशासाठी, की क्षार विरघळतो आणि नळी इतकी तापते की आपोआप वाळते. नंतर कोरडी चिंदी, नंतर तेल. पावसाळ्यात कुणी हे उद्यावर ढकललं तर सकाळी नळीत तांबूस भुरा हमखास.

पॉइंट टू-टूला हा त्रास नाही. तिच्या मसाल्यात क्लोरेट नसतं. म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं, आणि तिथेच काजळी घट्ट होत जाते.

आमच्या कोतमध्ये अशी एक रायफल होती. पंचवीस यार्डांवर बाकीच्या रायफलींच्या गोळ्यांचा ग्रुप मुठीत मावायचा, हिचा पसरायचा. काडतूस शेवटी शेवटी दाबून बसवावं लागे आणि रिकामी केस ओढताना चिकटे. चिंद्या मात्र पांढऱ्या निघत. बघणारा म्हणे, नळी साफ आहे. उस्तादांनी बोल्ट काढला, चेंबर रिकामं असल्याची बोटाने खात्री केली, मागच्या बाजूला अंगठ्याचं नख तिरकं धरलं आणि तोंडाकडून आत बघायला सांगितलं. नखावरून परतलेल्या उजेडात आतले आटे चकचकीत दिसत होते. फक्त चेंबर संपून आटे सुरू होतात तिथे एक काळपट कडं होतं.

ते कडं एका दिवसात होत नाही. टू-टूची गोळी शिशाची, तिला मेणकट वंगण लावलेलं. प्रत्येक फायरला दारूची राख, ते वंगण आणि शिशाचे कण केसच्या तोंडापुढच्या कोपऱ्यात साठतात. पुढच्या गोळीची आग त्यांना भाजते, दाब त्यांना ठोकून बसवतो. असे थर चढत चढत शेवटी काचेसारखी कठीण खरवड होते. तेलाची चिंदी तिच्यावरून सरकून जाते आणि पांढरी बाहेर येते.

हिंगणघाटचा माझा मित्र म्हणाला, ‘‘उस्ताद, तारेची जाळी लावून दोन हात मारू द्या ना, आत्ता निघते.’’ पुलथ्रूला गुंडाळायची तशी जाळी मिळते. उस्तादांनी ती त्याच्या हातातून काढून खिशात ठेवली. ‘‘जाळीला काजळी कळत नाही अन् पोलादही कळत नाही. ती दोन्ही खाते.’’

त्यांनी केलं ते फारच संथ होतं. सफाईचं तेल आणि थोडं राकेल एकत्र करून त्यात भिजवलेली चिंदी चेंबरमध्ये बसवली आणि रायफल तोंड खाली करून रात्रभर ठेवली. तोंड खाली, कारण तेल मागे उतरलं तर दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि लाकूड पोचट होतं. कार्बन साध्या कुठल्याही द्रवात विरघळत नाही, हे मी कॉलेजात शिकत होतो. इथे विरघळतं ते त्याला धरून ठेवणारं मेण आणि डांबरी चिकटा. काजळी फक्त सुटी होते. आणि द्रवाला फटीतून आत शिरायला वेळ लागतो. आता बाजारात फेसाचे डबे आणि नाना द्रावणं मिळतात. त्यांचीही करामत मुख्यतः हीच आहे. घाई केली तर तीही वाया.

सकाळी फॉस्फर ब्राँझचा ब्रश घेतला. हा पोलादापेक्षा मऊ, म्हणून नळीला ओरखडा काढत नाही. सळईवरून चेंबरकडून घालायचा, तोंडातून पूर्ण बाहेर काढायचा, मगच मागे घ्यायचा. मध्येच उलटवला तर ब्रशचे केस मोडतात. कड्यासाठी मात्र उस्तादांनी थोडा मोठ्या मापाचा, झिजलेला ब्रश चेंबरपुरता घातला आणि गोल फिरवला. पुढची चिंदी काळीकुट्ट निघाली. तिच्यात चमकणारे बारीक शिशाचे पापुद्रे होते. पुन्हा भिजवणं, पुन्हा रात्र. असं चारदोन दिवस चाललं. शेवटी नखाच्या उजेडात कडं दिसेना, तेव्हा कोरड्या चिंद्यांनी राकेल पूर्ण पुसलं (ते मागे राहिलं तर पोलाद उघडं पाडतं) आणि तेलाचा पातळ हात दिला. उस्तादांनी सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावले. शिसं पोटात जाऊ नये याबद्दल ते चहाच्या आधी नेहमीच कडक असत.

त्यानंतरच्या स्पर्धेला ती रायफल आमच्याकडे आली. सकाळी रेंजवर उस्तादांनी आधी कोरडी चिंदी ओढून नळीतलं तेल काढलं, मग मोजणी सुरू व्हायच्या आत आमच्या मित्राला सांगितलं, ‘‘परवानगी मिळाली की दोन गोळ्या मातीच्या बटात टाक.’’

‘‘काहून? इतकं घासलं, अन् आता पुन्हा काळं करून राहिले!’’

‘‘कोऱ्या नळीची पहिली गोळी कुठे जाईल सांगता येत नाही. थोडी काजळी लागतेच. टाक.’’

त्याने टाकल्या.