तीळ भाजताना

स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवा, असा निरोप शाळेकडून आला, तेव्हा विषयाचा आम्ही उभयतांनी बराच विचार केला. माजी विद्यार्थ्यांनी अशा अंकात आपल्या वाटचालीविषयी लिहावे, अशी रीत आहे. आमची वाटचाल साधीच आहे. याच वसतिगृहाच्या छायेत आम्ही दोघेही वाढलो, शिकलो आणि नोकरीच्या निमित्ताने गेली बारा वर्षे जपानमध्ये, तोक्यो शहराच्या पूर्वेकडील एदोगावा भागात राहत आहोत. तेथे जे नव्याने शिकलो, त्यातील एक लहानशी गोष्ट येथे सांगावी असे ठरविले. ती गोष्ट म्हणजे जपानी स्वयंपाकासाठी घरी तीळ भाजणे.

वाचकांना हसू येईल. तीळ भाजायला जपानला कशाला जायचे? आपल्याकडे पौषाची थंडी पडली की घरोघरी तव्यावर तीळ तडतडू लागतो. तिळाची चटणी, तिळकूट, बाजरीच्या भाकरीवर थापलेले तीळ, हे सर्व आपल्या ताटातलेच. शिवाय तीळ मूळचा आपल्या भूमीतला. वनस्पतिशास्त्राने त्याला ‘सेसॅमम इंडिकम’ असे नाव दिले आहे आणि हडप्पाच्या उत्खननातही जळून कोळसा झालेले तीळ सापडले आहेत. जपानी भाषेत तिळाला ‘गोमा’ म्हणतात. हा शब्द ज्या दोन चिन्हांनी लिहितात, त्यातील पहिले चिन्ह चीनच्या पश्चिमेकडील परक्या मुलखाचे आहे. म्हणजे हे धान्य बाहेरून आले, याची खूण त्याच्या नावातच जपलेली आहे. आजही जपानमध्ये खपणाऱ्या तिळापैकी 99 टक्क्यांहून अधिक तीळ परदेशातून येतो. आफ्रिकेतील नायजेरिया, टांझानिया, बुर्किना फासो हे त्यातले प्रमुख देश. देशात थोडाफार पिकतो, तो मुख्यतः दक्षिणेकडील किकाइजिमा या बेटावर. तरीही तिळाचा डबा नाही असे जपानी घर विरळाच.

बाजारात तीळ अनेक अवस्थांत मिळतो आणि प्रत्येक अवस्थेला वेगळे नाव आहे. धुऊन वाळवलेला कच्चा तीळ म्हणजे ‘अराइगोमा’, भाजलेला ‘इरिगोमा’, भाजून कुटलेला ‘सुरिगोमा’ आणि तेल सुटेपर्यंत वाटून केलेले लोण्यासारखे वाटण ‘नेरिगोमा’. रंगही तीन : पांढरा, काळा आणि सोनेरी. भाजलेला, कुटलेला तीळ पाकिटात सहज मिळत असल्याने पुष्कळ घरांतून भाजण्याचे काम आता उरलेले नाही. आमच्या शेजारी राहणाऱ्या, ऐंशी वर्षे ओलांडलेल्या आजीबाई मात्र लागेल तेवढाच तीळ लागेल त्या दिवशी भाजतात. आम्ही हे काम त्यांच्याकडून शिकलो. पाकिटातला तीळ आणलाच, तर तोही त्या पुन्हा एकदा कोरडा शेकून घेतात, म्हणजे निजलेला वास जागा होतो.

त्यांची रीत अशी. तिळासाठी जाळीचे झाकण असलेले एक लहान, लांब दांड्याचे भांडे असते. त्यापूर्वी ‘होरोकु’ नावाचे उथळ मातीचे भांडे वापरीत. आपल्या गावाकडचे खापर आठवावे. हे नसेल तर जाड बुडाची कढई चालते. भांडे मंद आचेवर आधी थोडे तापू द्यायचे. तीळ एका थराहून फार अधिक घालायचे नाहीत. तेल नाही, पाणी नाही. भांडे सतत हलवीत राहायचे, कारण तिळाचा दाणा इतका बारीक की बुडाशी क्षणभर थांबला तरी एका अंगाने करपतो. तीन-चार मिनिटांत दाणे किंचित फुगतात, हाताला हलके लागतात, भांड्यात त्यांचा आवाज बदलतो. दोन-तीन दाणे तडतडून उडाले की आच बंद करायची. सगळेच तडतडण्याची वाट पाहायची नाही. एक दाणा चिमटीत दाबून पाहायचा. सहज चुरला आणि खमंग वास आला, तर तीळ झाला. तो लगेच थंड ताटलीत किंवा कागदावर पसरायचा, नाही तर भांड्याच्या उष्णतेनेच पुढे भाजत राहतो आणि कडवट होतो. काळ्या तिळाचा रंग बदललेला दिसत नाही, म्हणून आजीबाई त्यात चिमूटभर पांढरे तीळ टाकतात. पांढऱ्यांचा रंग पाहून काळ्यांची वेळ ओळखायची. ही युक्ती पाहून आम्हांला मोठे कौतुक वाटले.

भाजण्याने नेमके काय घडते, हेही येथे सांगितले पाहिजे. तिळाच्या दाण्यात सुमारे निम्मे तेल आणि पाचवा हिस्सा प्रथिने असतात. कच्च्या तिळाला वास जवळजवळ नसतोच. उष्णता लागली की त्यातील प्रथिनांचे घटक आणि शर्करा यांचा संयोग होऊन खमंग वास देणारी नवी द्रव्ये तयार होतात. भाकरीच्या पापुद्र्याला आणि भाजलेल्या शेंगदाण्याला जो वास येतो, त्याचे कारण हेच. तिळातील ‘सेसॅमोलिन’ या द्रव्यापासून उष्णतेने ‘सेसॅमॉल’ तयार होते आणि ते तेलाला लवकर खवट होऊ देत नाही. परंतु वास मात्र उडून जाणारा. तो एखाद-दोन दिवसच भरात असतो. म्हणूनच लागेल तेवढाच भाजावा, हा आजीबाईंचा नियम.

भाजून झाल्यावर पाळी येते कुटण्याची. तिळाची साल चिवट असते. अख्खा दाणा गिळला, तर तो बहुधा तसाच पोटातून निघून जातो. म्हणून जपानी घरांत ‘सुरिबाची’ असते. हे मातीचे खोलगट भांडे बाहेरून झिलई दिलेले, पण आतून खरखरीत असते आणि त्यावर फणीने ओढल्यासारख्या बारीक खाचा असतात. त्यात ‘सुरिकोगी’ हा लाकडी दांडा गोल फिरवायचा. आपल्या खलबत्त्यात आपण ठेचतो. येथे ठेचायचे नाही, घासायचे. दांड्याचे वरचे टोक एका हाताने स्थिर धरून दुसऱ्या हाताने खालचे टोक फिरवायचे. काही दाणे अर्धवट राहिले तर उत्तम, दाताखाली येतात. कुटलेला तीळ खाचांत सगळीकडे चिकटतो. जपानी भाषेत खुशामत करण्याला ‘तीळ कुटणे’ म्हणतात, ते या चिकटण्यावरूनच आले असे सांगतात. आपण कुणाला लोणी लावतो, ते तीळ कुटतात.

या तिळाचे करायचे काय? सर्वांत सोपा पदार्थ ‘गोमाआए’. 200 ग्रॅम पालक उकळत्या मिठाच्या पाण्यात मिनिटभर ठेवून थंड पाण्यात काढावा, घट्ट पिळावा, बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करावेत. सुरिबाचीत तीन मोठे चमचे ताजा भाजलेला तीळ कुटून त्यातच दोन लहान चमचे साखर आणि एक मोठा चमचा सोया सॉस मिसळावा आणि पालक त्यात हलक्या हाताने कालवावा. फरसबी, गाजर, वाल यांचेही असेच करता येते. सणाच्या दिवशी अझुकी नावाच्या तांबड्या कडधान्याबरोबर चिकट तांदूळ वाफवून लाल भात करतात. त्यावर ‘गोमाशिओ’, म्हणजे काळे तीळ आणि मीठ भुरभुरतात. आणि ‘गोमादोफू’ तर विहारांचीच देणगी. नाव तोफूचे असले, तरी त्यात सोयाबीन मुळीच नसते. तीळ अगदी मऊ वाटून, त्याचे दूध गाळून, त्यात ‘कुझु’ नावाच्या वेलीच्या मुळाचे सत्त्व घालून मंद आचेवर अखंड ढवळीत राहायचे. थंड झाले की खरवसासारखी वडी पडते.

जपानमधील विहारांच्या शाकाहारी स्वयंपाकाला ‘शोजिन र्‍योरी’ म्हणतात. त्यात मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. एरवी जपानी रस्सा सुकवलेल्या माशाच्या काढ्यावर होतो. येथे तो समुद्रातील कोंबू शेवाळ आणि वाळवलेली आळंबी यांवर करतात. अशा स्वयंपाकाला स्निग्धता आणि भरीवपणा देण्याचे काम तिळाकडे येते. कोयासान या डोंगरावरील विहारांत मुक्कामाला राहणाऱ्यांच्या ताटात गोमादोफू हमखास असतो.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहावासा वाटला, तो सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या आई, म्हणजे आमच्यापैकी एकाची जन्मदात्री आणि दुसरीच्या सासूबाई, तीन महिने आमच्याकडे राहायला आल्या होत्या. तिळाशी आईंचे नाते जुने आहे. लहानपणी त्या दुसऱ्यांच्या शेतात तिळाच्या काढणीला जात. पेंढ्या उभ्या करून वाळवायच्या, बोंडे उकलली की उलट्या धरून झाडायच्या. मजुरीत कधी पायलीभर तीळ मिळे. संक्रांतीला वाड्यावरचा तीळगूळ त्यांच्या ओंजळीत वरून टाकला जाई. त्यांच्या घरी त्याच शेतातल्या तिळाचे केलेले लाडू मात्र वाड्याचा उंबरा कधी ओलांडू शकले नाहीत. हे आई कधी रागाने सांगत नाहीत. पाऊसपाणी सांगावे तसे सांगतात.

एके दुपारी आजीबाईंनी आईंना घरी बोलावले. त्या तीळ भाजीत होत्या. आई दाराशी, चपला काढण्याच्या पायरीवरच उभ्या राहिल्या. आम्ही म्हणालो, “आई, आत चला ना.” त्या म्हणाल्या, “असू दे, हितूनबी दिसतंय.” सत्तर वर्षांची सवय होती ती. आजीबाईंना यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच ठाऊक होते की सुरिबाची घसरते आणि ती धरायला दुसरे माणूस लागते. पूर्वी हे काम घरातल्या मुलांचे असे. त्यांनी आईंचा हात धरून आत नेले, बसविले आणि भांडे त्यांच्या दोन्ही हातांत दिले. आईंनी धरले, आजीबाईंनी फिरविले. थोड्या वेळाने उलट. वास दरवळला तेव्हा आईंनी चिमूटभर तीळ तोंडात टाकला आणि म्हणाल्या, “अक्का, झ्याक भाजलाय.” अक्कांना मराठीतले अक्षरही कळले नाही, पण त्यांनी मान डोलावली. आजीबाई आईंना ‘ओकाआसान’, म्हणजे आई, म्हणू लागल्या. पुढे तीन महिने दर आठवड्याला हे कुटणे चालले. निघण्यापूर्वी आईंनी तिळाचे लाडू केले आणि स्वतः नेऊन आजीबाईंच्या हातावर ठेवले. आजीबाईंनी तिथेच, उभ्या-उभ्या एक खाल्ला. आई घरी आल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

स्वयंपाकाचे काम हलके की भारी, याविषयी जपानी बौद्ध परंपरेत एक मोठे स्मरण आहे. दोगेन नावाचे आचार्य 1223 मध्ये, ऐन तारुण्यात, धर्म शिकण्यासाठी चीनला गेले. त्यांचे जहाज बंदरात असताना एक वृद्ध भिक्खू जपानी जिन्नस खरेदी करायला जहाजावर आले. ते एका विहाराचे ‘तेन्झो’, म्हणजे स्वयंपाकप्रमुख होते. त्यांचा विहार ज्या पर्वतावर होता, त्याचे नाव आयुवांग, म्हणजे अशोक राजा. आपल्या सम्राट अशोकांच्याच नावाचा तो पर्वत! दोगेन यांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला आणि विचारले की, या वयात ध्यान आणि ग्रंथाभ्यास सोडून स्वयंपाकाचा व्याप कशाला? वृद्ध भिक्खू हसले. साधना म्हणजे काय हे या परदेशी तरुणाला अजून उमगलेले नाही, असे सांगून ते दुसऱ्या दिवशीच्या स्वयंपाकासाठी परत गेले. दोगेन ही भेट आयुष्यभर विसरले नाहीत. 1237 मध्ये त्यांनी ‘तेन्झो क्योकुन’ हा तेन्झोला मार्गदर्शन करणारा ग्रंथ लिहिला. तांदूळ स्वतः निवडावेत, भाजीच्या पानाची हेळसांड करू नये, जिन्नस भारी असो की साधा, मन तेच ठेवावे, अशी त्याची शिकवण आहे. स्वयंपाकाचे पद विहारातील जाणत्या, अनुभवी भिक्खूकडेच द्यावे, असेही त्यात आहे.

नागपूरच्या दीक्षाभूमीशी निगडित भदन्त सुरई ससाई यांच्यामुळे जपान हे नाव आपल्या समाजाला परके नाही. पण दोगेन यांचे हे स्मरण आपल्याला आणखी एका कारणाने जवळचे वाटावे. आपल्या पूर्वजांना ज्ञान आणि पाणवठा यांच्यापासून दूर ठेवले गेले, तसेच दुसऱ्याच्या चुलीपासूनही. त्यांच्या हातचे अन्न हीच विटाळाची खूण ठरविली गेली. तथागतांच्या संघात मात्र सर्व थरांतून आलेली माणसे एकत्र बसून भोजन करीत.

आपल्या वसतिगृहात स्वयंपाकघराची पाळी प्रत्येकाला होती. कुणी कुठल्या गावचा, कुणाचे वडील काय करतात, हे पाळीच्या तक्त्यावर लिहिलेले नसे. दीडशे मुलांचे तांदूळ निवडताना, भाकऱ्यांच्या चळती मोजताना आम्ही कुरकुरतही असू. आज मागे वळून पाहता वाटते, पुस्तकातून समता शिकण्याच्या आधी ती आम्ही त्या चुलीपाशी शिकलो. मुलगे आणि मुली, दोघांनाही पाळी होती. त्यामुळे आमच्या घरी तीळ कुणी भाजायचा, हा प्रश्न कधी निर्माण झाला नाही.

नव्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना आमची एकच विनंती आहे. शाळेची इमारत वाढेल, संगणक येतील, ते आलेच पाहिजेत. पण स्वयंपाकघराची ती पाळी बंद होऊ देऊ नका. मुलांना तांदूळ निवडू द्या, तीळ भाजू द्या, दाणा केव्हा तडतडतो याकडे कान देऊन उभे राहू द्या. या वर्षी शाळेसाठी आम्ही एक मोठी सुरिबाची पाठवीत आहोत. तिला धरायला दुसरे माणूस लागते, एवढे मुलांना अवश्य सांगावे.

संस्थेच्या वाटचालीस आम्हां उभयतांच्या मंगल कामना. जय भीम. नमो बुद्धाय.