तिथीची पाऊणपट

समुद्र न पाहता समुद्राचे वर्णन करणारा मी काही पहिलाच लेखक नसेन. परंतु ते वर्णन चांगले अकरा पाने करून, ऐन पौर्णिमेच्या मध्यरात्री आपल्या नायिकेला ओल्या वाळूवरून दूर दूर ओसरलेल्या पाण्यापर्यंत चालत नेणारा, आणि तिथे तिला जगण्याचा निश्चय करायला लावून कोरड्या पायांनी परत आणणारा एखादाच निघेल. तो मी. कादंबरीचे नाव सांगत नाही. तिच्या प्रती अजून आमच्या माळ्यावर गठ्ठ्यात आहेत, आणि त्यांची झोप मोडावी असे मला वाटत नाही.

अचलपूरच्या माणसाला समुद्र म्हणजे नकाशातला निळा रंग. आमच्याकडे नदी आहे, गाविलगडाचे डोंगर आहेत, चिखलदऱ्याचे धुके आहे. वऱ्हाडच्या इमादशाहीचा जुना डौल आहे. नाही तो फक्त समुद्र. तरीही मी पोरांना वीस वर्षे भरती-ओहोटी शिकवीत आलो. फळ्यावर एक मोठे वर्तुळ, एक लहान वर्तुळ, मधे चार बाण. मी मॅट्रिकपर्यंतच शिकलो, कॉलेजची पायरी चढलो नाही. म्हणूनच की काय, फळ्यावर जे मावते त्याच्यावर माझा विश्वास जरा अधिकच.

माझ्या पहिल्या तीन कादंबऱ्यांच्या मुद्रणप्रती हिच्या अक्षरात आहेत. माझे अक्षर मलाच लागत नाही. हिचे अक्षर टपोरे, मोत्यासारखे. रात्री भांडी आवरली की ही कंदिलाइतक्या मंद दिव्याखाली बसून माझी पाने उतरून काढी. समुद्राचे ते प्रकरण उतरताना हिने मान वर करून विचारले होते, "तुम्ही पाह्यला काहो समुद्र? मध्यरात्री असा आटते तो?"

मी लिहिण्याच्या तंद्रीत होतो. म्हणालो, "तुला काय कळतं त्यातलं? दर्यापूरच्या पलीकडे तू काय पाहिलंस?"

हिचे माहेर दर्यापूर तालुक्यातले. नावात दर्या, आणि विहिरींना खारे पाणी. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातला तो भाग. ही काही बोलली नाही. ते प्रकरण तिने पुरे उतरले, कानामात्रेचीही चूक न करता. त्यानंतर मात्र माझ्या एकाही पानाला हात लावला नाही. सहा वर्षे झाली. भांडण नाही, अबोला नाही. जेवायला वेळेवर वाढणे, शर्टाची बटणे लावणे, सारे यथासांग. फक्त माझी पाने टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात पडून राहत आणि शेवटी बाजारातल्या टाइप करणाऱ्याकडे जात.

मागच्या हिवाळ्यात शाळेला चार दिवसांची सुट्टी जोडून आली. हिची भिशी लागली होती. पैसे माझ्यापुढे ठेवून ही म्हणाली, "समुद्र पाहून येऊ." समुद्र या शब्दावर तिने जोर दिला की मला तसा ऐकू आला, देव जाणे.

आमची मूर्तिजापूरची शकुंतला, ती १९१३ सालची छोटी गाडी, आता बंद पडली आहे. नाहीतर हिने तिच्यातूनच निघण्याचा हट्ट धरला असता. बसने अमरावती, रात्रीच्या गाडीने मुंबई, गेटवेवरून लाँचने मांडवा आणि तिथून बसने अलिबाग. लाँचमध्ये मी डोळे मिटून बसलो होतो. ही कठड्याला धरून उभी होती. तोंडावर उडालेला तुषार जिभेने चाखून म्हणाली, "आमच्या विहिरीचा मोठा भाऊ दिसते हा."

दुसरा दिवस संकष्टी चतुर्थीचा. हिचा उपास, आणि समोर समुद्रात कुलाबा किल्ल्यात सिद्धिविनायक. एवढा योग जुळल्यावर सकाळी दुसरीकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता. साडेआठच्या सुमारास किनाऱ्यावर आलो तो पाणी खरोखरच दूर गेले होते. अलिबागची वाळू काळसर आणि घट्ट. पाऊस पडून गेल्यावरच्या आमच्या काळ्या शेतासारखी. मधल्या डबक्यांतून, शिंपल्यांवरून आम्ही दोघे चालत निघालो. लोक घोडागाडीतून जात होते. हिने चपला हातात घेतल्या आणि लहान मुलीसारखी प्रत्येक डबक्यात पाय घालत चालली.

किल्ला बांधायला घेतला शिवाजी महाराजांनी, १६८० साली. पुरा झाला संभाजी महाराजांच्या वेळी. पुढे कान्होजी आंग्र्यांनी इथूनच फिरंग्यांना आणि इंग्रजांना पाणी पाजले. तटाचे प्रचंड चिरे एकमेकांवर नुसते रचलेले, मधे चुना नाही. लाटेचे पाणी फटींतून आत शिरते, जोर गमावते, परत जाते. हे मी हिला समजावून सांगत होतो, पण ही आधीच देवळाकडे गेली होती. सिद्धिविनायकाचे हे देऊळ राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधले. जवळच गोड्या पाण्याचा साठा आहे. ते पाणी गोड आहे हे कळल्यावर ही कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिली.

"आमच्याइकडं दोनशे कोसांत समुद्र नाही, तरी विहीर खारी. अन् इथं चहूबाजूंनी समुद्र, तरी हे गोड. देवाचा हिशेब काही समजत नाही बाप्पा!"

मी तिला देवाच्या हिशेबाबरोबर सोडून उत्तरेच्या तटाकडे गेलो. तिथे चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत. त्यांवर यॉर्कशरच्या कारखान्याचे नाव आणि १८४९ हे साल कोरलेले. मी वही काढली. लेखकाने वही काढली की त्याचे घड्याळ बंद पडते.

किती वेळ गेला कोण जाणे. मागून ही आली. "चला. पाणी भरून राह्यलं."

मी न पाहताच मास्तरकी सुरू केली. "नऊला ओहोटी पुरी झाली. भरतीला सहा तास लागतात. म्हणजे तीनला पुरी भरती, बाराला निम्मी. अजून भरपूर वेळ आहे."

"ते तीन तर बरोबर," ती म्हणाली. "पण पाणी काही तुमच्या वर्गातल्या पोरांसारखं रांगेनं येत नाही. देवळापाशी ती कोळीणबाई आहे नं, ती म्हणते आत्ताच्या आत्ता निघा."

तटावरून पाहिले आणि तोंडचे पाणी पळाले, म्हणजे ते सगळे खालीच गेले असावे. आम्ही ज्या वाळूवरून आलो तिच्यावर चमचमते पाणी पसरले होते. अकरा वाजून गेले होते. सुरुवातीला हळू येणारे पाणी मधल्या तासांत धावत येते, हे माझ्या चार बाणांत कुठेच नव्हते.

घोटा, पोटरी, गुडघा. मधल्या सखल भागात पाणी मांडीच्या वर आले. लाट मोठी नव्हती, पण पायाखालची वाळू सरकत होती, आणि नदीच्या पुराला असते तशी एक दिशा या पाण्याला नव्हती. ते दोन्हीकडून येत होते. माझा तोल गेला. एक चप्पल गेली. वही असलेला खिसा भिजला. त्या क्षणी हिने माझे मनगट धरले. अचलपूरच्या रस्त्यावर वीस वर्षांत आम्ही कधी शेजारी शेजारी चाललो नाही. मी चार पावले पुढे, ही मागे. इथे ही पुढे होती. नऊवारी नसूनही तिने लुगड्याचा कासोटा कसा कधी मारला ते मला कळलेही नव्हते. तिची बोटे माझ्या मनगटात रुतली होती आणि ती एकदाही मागे पाहत नव्हती. कोरड्या वाळूवर आल्यावर तिने हात सोडला. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"भ्याली होतीस?" मी विचारले.

"तुम्हाले पोहता येत नाही," ती म्हणाली.

दुपारी कपडे वाळेपर्यंत गाव पाहिले. कान्होजींची समाधी पाहिली. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार, त्यांनी होकायंत्राच्या सुया विचलित होतील, म्हणून १९०४ साली इकडे आणलेली चुंबकीय वेधशाळा बाहेरूनच पाहिली. माझे लक्ष नव्हते. वहीतली शाई पसरून तोफांचे साल वाचता येत नव्हते. तीन वाजता आम्ही मुद्दाम किनाऱ्यावर आलो. सकाळची सारी वाळू नाहीशी झाली होती आणि किल्ला पाण्यात एकटा उभा होता. बरोबर तीन.

"त्या बाईनं सांगितलं," ही म्हणाली. "तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी म्हणजे चार, पाऊणपट तीन. तीनला पुरी भरती. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. कोळ्यांच्या पोरासोरांनाही हे येते म्हणे."

जिचे सारे आयुष्य एकादशी, चतुर्थी, अष्टमी मोजण्यात गेले, तिला हा हिशेब तोंडपाठ व्हायला काय वेळ! मी मनातल्या मनात अकरा, पाच करीत बसलो. मग पंधरावर आलो. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पौर्णिमेच्या मध्यरात्री समुद्र काठोकाठ भरलेला असतो. माझी नायिका ज्या वाळूवरून चालत गेली ती वाळू त्या वेळी दीड-दोन पुरुष पाण्याखाली होती.

मी हळूच हिच्याकडे पाहिले. ही समुद्राकडे पाहत होती. तिने तो हिशेब केव्हाच केला होता. देवळाच्या पायरीवरच केला असावा.

रात्री नऊच्या सुमारास चंद्र उगवला. त्याला ओवाळायला ही किनाऱ्यावर ताम्हन घेऊन उभी. पाणी पुन्हा तिकडे दूर गेले होते, सकाळी होते तिथे. "पाहा," ती म्हणाली, "चंद्र उगवला की हा मागं सरते. डोक्यावर आला की पायाशी येते." वीस वर्षे फळ्यावर मी जी दोन वर्तुळे काढली, ती दोन्ही तिथे समोर होती.

"मी तेव्हा तसं बोलायला नको होतं," मी म्हणालो.

तिने केळ्याचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

अचलपूरला परतल्यावर तिसऱ्या दिवशी शाळेतून आलो तो टेबलावर ती जुनी कादंबरी उघडी होती. पान समुद्राचे. समासात पेन्सिलीने, टपोऱ्या अक्षरात लिहिले होते: "पौर्णिमा राहू द्या. मध्यरात्र काढा. पहाटे साडेपाचची वेळ करा, पोरगी कोरडी जाईल."

टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात माझ्या नव्या कादंबरीची पाने होती. ती जागेवर नव्हती.