दोन वह्यांचा ताळा

आमच्या घरीं हिशेबाच्या दोन वह्या असत. दोहोंतील मजकूर एकच. परंतु एक वही चंद्रपुरास वडिलांच्या लांकडी पेटींत, आणि दुसरी वैनगंगेपलीकडे गांवीं, धाकट्या काकांच्या घरांतील फळीवर. एकाच शेतीचा हिशेब दोनदां लिहिण्याचा हा खटाटोप कशाला, असें आम्हीं लहानपणीं विचारलें, तेव्हां वडील म्हणाले, "वाळवी एका वेळीं दोन्ही घरांत लागत नाहीं." शिवाय बटईदाराकडील येणें पाहण्यासाठीं काकांना चंद्रपूर गांठावें लागूं नये, ही सोय होतीच. नियम एवढाच, कीं एकीकडे कांहीं लिहिलें कीं दुसरीकडे कार्ड टाकावयाचें, आणि दिवाळीस दोघां भावांनीं वह्या समोरासमोर ठेवून ताळा पाहावयाचा.

ही व्यवस्था वर्षांतून आठ महिने बिनबोभाट चाले. उरलेले चार महिने वैनगंगेचे.

गडचिरोली हा वेगळा जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजीं झाला. त्यापूर्वींची, आम्ही नऊ-दहा वर्षांचे असतांनाची ही गोष्ट आहे. तेंदूपानाच्या मजुरीचे पैसे हातीं येतांच आमच्या बटईदारानें काकांपाशीं जाऊन मागील सारी बाकी चुकती केली. काकांनीं आपल्या वहींत नोंद केली, कार्डही लिहिलें. पण बाजाराच्या दिवशीं टाकूं म्हणून तें ठेवून दिलें. दुसऱ्याच दिवशीं बटईदार तापानें पडला. मुलानें त्याला चंद्रपुरास दवाखान्यांत आणलें, आणि मागें नदी चढली. वाट बंद झाली, टपाल अडलें.

तो मुलगा आमच्या दारीं आला. बाप शुद्धीवर नव्हता. औषधाला पन्नास रुपये हवे होते. वडिलांनीं पेटींतून वही काढली. तींत सारें येणें जसेंच्या तसें उभें होतें. "आधींचें फिटल्याशिवाय पुढचें कसें देऊं, बाबा?" असें ते म्हणाले. बापाच्या व्यवहाराची मुलाला माहिती नव्हती. तो कांहीं बोलला नाहीं. पायरीवर बसून पाणी प्याला आणि निघून गेला. पूर ओसरल्यावर काकांचें कार्ड आलें. तोंवर बटईदार बरा होऊन गांवीं परतला होता. पण पोळ्याला ज्या बैलाच्या खांद्याला त्यानें लोणी लावलें, तोच बैल औषधाचें कर्ज फेडण्यासाठीं त्याला विकावा लागला. दिवाळीस ही हकीकत काकांच्या तोंडून कळली, तेव्हां वडील पुष्कळ वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझी वही खोटी नव्हती, जुनी होती."

त्या दिवाळीपासून आमच्या घरीं दोन नवे नियम झाले. पूर असतां औषध, बियाणें अशा कारणासाठीं कोणीं लहान रक्कम मागितली, तर वही न पाहतां द्यावयाची, नोंदीसमोर 'पू' हें अक्षर घालावयाचें, आणि दिवाळीस ताळा जमला कीं तें खोडावयाचें. मात्र जमिनीची विक्री किंवा गहाण असा मामला असेल, तर कितीही घाई असो, दोन्ही वह्या एकत्र आल्याशिवाय उत्तर द्यावयाचें नाहीं.

आम्ही इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक. संगणकाच्या शास्त्राशीं आमचा संबंध नाहीं. परंतु पुण्यास त्या व्यवसायांत असलेले आमचे एक माजी विद्यार्थी मध्यंतरीं घरीं आले असतां त्यांच्या कामाचा विषय निघाला, आणि ऐकतां ऐकतां आम्हांस वडिलांची पेटी आठवली. मोठा माहितीसंग्रह एका इमारतींत ठेवणें धोक्याचें, म्हणून त्याच्या प्रती दूरदूरच्या डेटा सेंटरांत ठेवतात. आधारची माहिती बंगळूर आणि मानेसर अशी दोन ठिकाणीं असते, ती याचसाठीं. परंतु मधली तार तुटली तर काय करावें? एरिक ब्रूअर यांनीं 2000 सालीं एक तर्क मांडला, आणि 2002 सालीं सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनीं तो गणितानें सिद्ध केला: संपर्क तुटला असतां प्रत्येक प्रश्नास उत्तरही मिळावें आणि तें उत्तर ताजेंच असावें, हीं दोन्ही वचनें एकदम पाळतां येत नाहींत. एक सोडावेंच लागतें.

ॲमेझॉनच्या मंडळींनीं 2007 सालीं आपल्या 'डायनॅमो'ची रचना प्रसिद्ध केली. तींत गिऱ्हाइकाच्या टोपलींत वस्तु घालण्यास कधींही नकार द्यावयाचा नाहीं, ताळा मागाहून पाहावयाचा, असें धोरण होतें. त्यापायीं काढून टाकलेली वस्तु क्वचित् टोपलींत परत दिसे, तें त्यांनीं पत्करलें. उलट गूगलच्या 'स्पॅनर'नें 2012 सालीं दुसरी वाट दाखविली: बहुसंख्य प्रतींची संमति मिळाल्यावांचून नोंद पक्की नाहीं, आणि घड्याळांतील बारीकशा फरकापायीं नोंदींचा क्रम चुकूं नये म्हणून आण्विक घड्याळें ठेवून शिवाय क्षणभर थांबावयाचें. टोपलीचा नियम औषधाचा, थांबण्याचा नियम जमिनीचा! आमच्या वडिलांस एवढेंच सुचलें नव्हतें, कीं तिसरी वही हवी. वह्या तीन असत्या, तर एक पुरापलीकडे अडकली तरी उरलेल्या दोन बहुमतानें बोलूं शकल्या असत्या.

पण यंत्रांच्या कौतुकांत आम्हांस एक गोष्ट विसरतां येत नाहीं. पर्लकोटेच्या पुरानें भामरागड वारंवार तुटत आलें आहे. तेथें दोष नदीला देतां येतो. आमच्या पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत 'झुडपी जंगल' म्हणून नोंदलेल्या जमिनींची कथा निराळी. व्यवहारांत त्या गांवच्या उपयोगाच्या. त्यांवर घरें, शाळा, कचेऱ्या, स्मशानें उभीं राहिलीं. कागदावर मात्र 'जंगल' हा शब्द तसाच होता. 1980 सालीं वनसंवर्धनाचा कायदा आला, 12 डिसेंबर 1996 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सरकारी दप्तरांत वन म्हणून नोंदलेली भूमि वनच मानण्याचा आदेश दिला, आणि अखेर 22 मे 2025 रोजीं त्याच न्यायालयानें या जमिनी वनच होत असा निर्णय देऊन, 1996 पूर्वींच्या वाटपांना केंद्राच्या मान्यतेची वाट मोकळी ठेवली. कागद आणि गांव यांच्यामध्यें येथें कोणतीच नदी आडवी नव्हती. दोहोंचा ताळा पाहण्याची दिवाळी तेवढी कोणीं नेमली नव्हती.

दोन्ही वह्या आतां आमच्याच कपाटांत आहेत. पानें उलटतांना जागोजागीं खोडलेले 'पू' दिसतात. एका ठिकाणीं मात्र तें अक्षर तसेंच आहे. नोंद वडिलांच्या हातची, दिवाळीनंतर मागची तिथि घालून केलेली: "रु. 50 मागितले. दिले नाहींत." न दिलेल्या पैशाची नोंद हिशेबांत कोणी करीत नाहीं. ती त्यांनीं केली; आणि तिच्यासमोरील 'पू' पुढें एकाही दिवाळीस खोडला नाहीं.