भाद्रपदातला वसंत

जपानात चैत्राच्या सुमारास चेरी फुलते आणि आठवड्याभरात पाकळ्या गळूनही जातात. तो बहर एकटीने जाऊन पाहावा, ही माझी जुनी हौस. पण जपान कुठले परवडणार! म्हणून गेल्या भाद्रपदात सांगलीहून साताऱ्याची एस.टी. धरली. कासच्या पठारावर वसंत पावसाळ्याच्या अखेरीस येतो.

"बरोबर कोण?" आईने विचारले. "कोणी नाही," म्हणताच तिने मुकाट्याने डब्यात एक दशमी जास्त घातली. (हा तिचा होकार!)

यवतेश्वराचा घाट चढून वर पोहोचले. जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम थर. तरी गुलाबी तेरडा, पांढरे गेंद आणि जांभळी 'सीतेची आसवे' दूरवर पसरलेली. नाव किती करुण! प्रत्यक्षात ही वनस्पती कीटकभक्षी. निकस जमिनीत पोट भरत नाही, म्हणून ओल्या मातीत दडवलेल्या इवल्या पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडते. रडूबाई मुळीच नव्हे! मला ती फार आवडली.

२०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलेल्या या पठारावर काहीजण फोटोसाठी फुलांवरच बसले होते. चीड आली.

तेवढ्यात एका मोठ्या घोळक्यातल्या काकूंनी विचारले, "एकटीच आलीस?"

"हो."

"बरं आहे बाई तुझं. माझा सगळा वेळ आमची माणसं मोजण्यातच गेला."