तालुका, जिल्हा, विभाग

दक्षिण नगरमधल्या माध्यमिक शाळेचं मैदान ओळखायला पाटी लागत नाही. मुरूम टाकून दाबलेली जागा, एका कडेला लिंबाची झाडं, दुसऱ्या कडेला माजलेलं काँग्रेस गवत आणि मधोमध खो-खोचे दोन खांब. खांब हाताच्या घामानं वरच्या बाजूला काळे पडलेले. ऑगस्टात फक्कीच्या रेघा ताज्या असतात, दिवाळीपर्यंत त्या पुसट होतात आणि फेब्रुवारीत त्याच जागेवर दहावीची पोरं अंतर ठेवून मांडी घालून बसलेली दिसतात. पूर्वपरीक्षेचा पेपर चालू असतो. पलीकडं ज्वारीची काढणी. पर्यवेक्षक खांबाला टेकून उभे, आणि ज्या पोरीनं सप्टेंबरात याच खांबावरून सूर मारून गडी टिपला होता ती आता प्रमेय आठवत आभाळाकडं बघतेय.

वर्ग आणि मैदान यांचं भांडण आपल्याकडं फार जुनं आहे, असं सगळे म्हणतात. मला ते भांडण खरं तर जागेचं आणि वेळेचं वाटतं. गणिताच्या सरांचा अभ्यासक्रम मागं पडला की पीटीचा तास आधी जातो. दहावीला तर तो फक्त वेळापत्रकाच्या कागदावर उरतो. ‘यंदा दहावी आहे, खेळ बंद’ हे वाक्य पारनेरपासून जामखेडपर्यंत घराघरात एकाच चालीत म्हटलं जातं.

नगर जिल्हा केवढा! 17,048 चौरस किलोमीटर, 14 तालुके. क्षेत्रफळात राज्यात पहिला. उत्तरेला प्रवरेचं पाणी, 1926 साली पुरं झालेलं भंडारदऱ्याचं धरण, कालवे, ऊस, कारखाने. दक्षिणेला पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी, म्हणजे ढगाकडं बघत बसणारी माणसं. अकोल्याच्या डोंगरातल्या पोरानं जामखेड कधी पाहिलेलं नसतं, आणि जामखेडच्या पोराला अकोले विचारलं तर तो विदर्भातलं अकोला सांगतो. हा जिल्हा पोरांना भूगोलाच्या पुस्तकातून कळत नाही. तो कळतो शालेय क्रीडा स्पर्धांतून. आधी तालुका, मग जिल्हा, म्हणजे नगरचं वाडिया पार्क मैदान, नशीब असेल तर विभाग, मग राज्य. शाळेचा संघ वडापच्या जीपमध्ये कोंबून निघतो, कुणाच्या मांडीवर डबे, कुणाच्या मांडीवर पिशवीतले बूट, आणि बारा वर्षांची पोर पहिल्यांदा स्वतःच्या पायांच्या जोरावर तालुक्याची हद्द ओलांडते. यात्रेला किंवा मामाच्या गावाला जाणं वेगळं. इथं तिच्या शाळेचं नाव माइकवरून पुकारलं जातं.

यात एक गंमत आहे. महसुलाच्या हिशेबात नगर नाशिक विभागात, पण खेळाला आणि दहावीच्या बोर्डाला पुणे विभागात. त्यामुळं सातबाऱ्याचं गाऱ्हाणं घेऊन बाप नाशिकला जातो आणि लेक खो-खोला पुण्या-सोलापूरच्या पोरींशी भिडते.

पोरी म्हटलं की एसटी आली. राज्यातली पहिली एसटी 1 जून 1948 रोजी पुणे ते नगर धावली, याचा नगरकरांना अजून अभिमान आहे. गावाकडच्या मुलींना शाळेत जायला मोफत पास मिळतो, त्या योजनेला अहिल्याबाई होळकरांचं नाव आहे. त्या जन्मल्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीला, 1725 साली, आणि 2024 पासून जिल्ह्यालाच त्यांचं नाव आहे. पास आहे, पण गाडीची वेळ पासात लिहिलेली नसते. सराव शाळा सुटल्यावर. साडेपाचला गाडी. त्यामुळं चौकोनांत एकीआड एक उलट दिशेला तोंड करून बसलेल्या आठ जणींपैकी निम्म्यांचे कान सरांच्या शिट्टीकडं आणि निम्म्यांचे फाट्यावरच्या हॉर्नकडं असतात. हॉर्न वाजला की डाव अर्धा टाकून दप्तरं उचलली जातात. जिल्ह्यात किती चांगले खेळाडू फाट्यावर राहिले, याची नोंद कुठल्याच कार्यालयात नसणार.

पाथर्डी-शेवगावकडं तर दुसरंच वेळापत्रक चालतं. तालुक्याच्या स्पर्धा पावसाळ्यात, विभागाच्या दिवाळीच्या आगेमागे, आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघतात तेव्हाच. आई-बाप कोयता घेऊन निघाले की पोर मागं आजीजवळ राहील की गाडीत बसेल, यावर कबड्डीच्या संघात डावा कोपरा कोण सांभाळणार हे ठरतं. क्रीडाशिक्षक अशा घरी जाऊन बसतात, चहा घेतात, ‘पंधरा दिवस थांबू द्या’ म्हणतात. कधी जमतं, कधी मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते.

तरीही या जिल्ह्यात वर्ग आणि मैदान एकत्र नांदल्याची उदाहरणं आहेत, आणि ती शहरातली नाहीत. हिवरे बाजारचं नाव निघालं की लोक पाण्याबद्दल बोलतात: पाण्याचा ताळेबंद, बोअरवर बंदी, उसाला मनाई. 1989 साली तिथं बिनविरोध सरपंच झालेले पोपटराव पवार एम.कॉम. झालेले आणि क्रिकेटचे चांगले खेळाडू होते. घरच्यांना वाटत होतं पोरानं क्रिकेटच पुढं न्यावं. ते गावात राहिले. आणि गावानं बंधाऱ्यांच्याही आधी शाळेला हात घातला. खोल्या श्रमदानानं उभ्या केल्या, आणि खोल्यांबरोबर मैदानासाठीही जमीन सोडली. ज्या गावात चारशे मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस आणि इंचभर बांधासाठी कोर्टकज्जे, तिथं पोरांना पळायला जमीन देणं मला पाण्याइतकंच मोठं वाटतं. त्यावर फारसं कुणी लिहीत नाही.

तिथून जवळच राळेगणसिद्धी. अण्णा हजारे फौजेतून परतले आणि गावात पुढं जी शाळा उभी राहिली तिच्या वसतिगृहात नापास झालेल्या मुलांना प्रवेश मिळू लागला. इतर शाळा गुणपत्रक बघून दार उघडतात, हिनं उलटं केलं. पहाटे उठायचं, धावायचं, व्यायाम करायचा, मग पुस्तक. मला स्वतःला फौजी शिस्तीची थोडी धास्तीच वाटते. पहाटेच्या थंडीत पळणाऱ्या पोराच्या मनात काय चाललंय हे शिट्टीला कळत नाही. पण इंग्रजीत तीनदा गचकलेल्या पोराला आपण चार फेऱ्या न थांबता मारू शकतो हे आधी कळलं, तर चौथ्यांदा इंग्रजीच्या पेपराला तो जरा ताठ बसत असेल, हे मान्य करावं लागतं.

उत्तरेतलं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. श्रीरामपूरचा झहीर खान अभ्यासात बरा होता, इंजिनिअरिंगचा रस्ता समोर होता, आणि वडिलांनीच त्याला वेगवान गोलंदाजीकडं ढकललं. 2011 च्या विश्वचषकात त्यानं 21 बळी घेतले. आश्वी खुर्दला जन्मलेला अजिंक्य रहाणेही जिल्ह्याचाच. पण दोघांचाही खेळ फुलला मुंबईत. पालकसभेत ही नावं घेतली की टाळ्या पडतात आणि पालक घरी जाऊन पोराची बॅट माळ्यावर टाकतात. त्यांचं चुकतं असंही म्हणवत नाही. लाखात एक झहीर; उरलेल्यांनी काय करायचं, याचं उत्तर टाळ्यांत नसतं.

ते उत्तर गावानं आपलं आपण शोधलंय. त्याचं नाव भरती. नगर हे रणगाड्यांचं गाव, के. के. रेंजवर सराव सुरू झाला की आसपासच्या शाळांत खिडक्यांची तावदानं थरथरतात, आणि फळ्याकडं पाठ करून पोरं आवाजावरून तोफ ओळखायच्या पैजा लावतात. पोलीस भरतीत मैदानाला 50 गुण आणि लेखीला 100. पोरांना 1600 मीटर, पोरींना 800, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. ‘ग्राउंड किती पडलं?’ ‘बेचाळीस.’ ‘मग पेपर काढ आता.’ हे संभाषण कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकू येतं. पहाटे पाचला हायवेच्या कडेनं पळणारी पोरं दिवसभर अभ्यासिकेत बसलेली असतात. वर्ग आणि मैदान इथं एकाच गुणपत्रकात आले. फक्त खेळ तेवढा त्यातून गेला. सोळाशे मीटर पळणाऱ्याला कुणी हुलकावणी देत नाही, तोही कुणाला देत नाही. घड्याळाशी कसली आली गंमत? खो-खोत पळताना जो चेहरा असतो तो या पहाटेच्या रांगेत मला दिसत नाही. पण पगाराची नोकरी मिळाली की त्याच घरातल्या धाकटीला बूट येतात, हेही पाहिलंय.

जुलैत शाळा नीट सुरू झाल्या की संघनिवड होते. फक्कीचं पोतं येतं, सर दोरी धरून रेघा मारतात, वाकड्या गेल्या की पायानं पुसतात. परवा एका शाळेत एक वडील मोटारसायकल स्टँडला लावून तसेच उभे होते. पोरगी नववीत, निवड झालेली. त्यांनी पासबुकावरची शिल्लक विचारावी तसं विचारलं, ‘सर, हे खो-खोचे दहावीला किती मार्क धरतात?’

सरांनी दोरी सोडली नाही. ‘पाचापासून पंचवीसपर्यंत मिळतात,’ ते म्हणाले. ‘पण आधी जिल्हा तर काढू द्या तिला. आणि दादा, ते टोक जरा ताणून धरा.’