दोन वचने आणि एक राणी

सिंगापुरात वॉटर्लू स्ट्रीटवरच्या आपल्या मागेन अबोथ सिनेगॉगपासून थोडे चालले की कॅथलिकांचे गुड शेफर्ड कॅथीड्रल लागते आणि त्यापुढे इंग्रजांचे सेंट अँड्र्यूज, हिंदुस्थानी कैद्यांच्या हातचे. येशू एकच, मग मोठी चर्चे दोन का, असे पाहुणे विचारतात.

भांडण पेटले ते आपल्याच तोरातल्या वचनांवरून. आठव्या हेन्रीने 1509 साली थोरल्या भावाची विधवा कॅथरिन हिच्याशी लग्न केले. मुलांपैकी एकटी मेरीच जगली. तेव्हा राजाने लेवीय 20:21 पुढे केले: भावजय घरात घेणारा निःसंतान राहील. (मुलगी म्हणजे संतान नव्हे वाटते!) विरोधकांनी अनुवाद 25:5 दाखवले, म्हणजे आपले यिब्बूम. इटलीतल्या रब्बींनाही विचारून झाले. पोप नमला नाही. 1534 साली राजा स्वतःच चर्चचा प्रमुख झाला. इंग्रजी प्रार्थनापुस्तक आले त्याच्या मुलाच्या राज्यात, 1549 साली. मेरीने पुन्हा पोपला मानले, एलिझाबेथने 1559 मध्ये ते मोडले.

प्रसूतिगृहात नोकरी केलेल्या मला मात्र कॅथरिनच आठवते. मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरते, हे तेव्हा कोणाला ठाऊक? 1536 साली मरेपर्यंत तिने राणीपद सोडले नाही.