मिस्तरीचा रोज

आमच्या घरचे सातबारे एका पिशवीत असतात. वीतभर लांब, वीतभर रुंद. लाल खादी, कडेला कवड्या, मधे आरशाचे तुकडे आणि बाकी सगळीकडे इतका दाट टाका की मूळ कापड शोधावं लागतं. आम्ही तिला कोथळी म्हणतो. दादीनं ती लग्नाआधी भरली आणि सोबत आणली. आधी तिच्यात सुपारी राहायची, मग पैसे. मला कळायला लागेपर्यंत तिच्यात सातबारा, पीकविम्याच्या पावत्या आणि लाइटची बिलं आली होती. मीही तिच्याकडे पंचवीस-सव्वीस वर्षं फाइल म्हणूनच बघितलं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला घरी गेले होते. बापूंना सोसायटीच्या कर्जाचा कागद सापडत नव्हता, म्हणून त्यांनी कोथळी खाटेवर उपडी केली. रिकामी कोथळी मी पहिल्यांदाच हातात घेतली. फुलीचे टाके रांगेत, एकाला लागून एक, प्रत्येकाला स्वतःची चौकट. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, दिवसभर स्क्रीनकडे बघते. त्यामुळे मला सुचलं ते एवढंच, की हे पिक्सेल आहेत.

"ही सगळी नक्षी मी कम्प्युटरवर घेते," मी म्हणाले.

"घे," दादी म्हणाली. "कागद मात्र परत भरून ठेव."

पुण्याला आल्यावर मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. कोथळीचा फोटो घ्यायचा, त्यावर चौकटींची जाळी टाकायची, प्रत्येक चौकटीचा रंग वाचायचा, की झाला नक्षीचा तक्ता. दोन संध्याकाळींचं काम वाटलं होतं, तीन आठवडे गेले. हातमागाच्या कापडात उभे आणि आडवे धागे सारखेच दाट असतील असं नाही. दादीच्या बारा फुल्या आडव्या आणि बारा उभ्या मोजल्या तर चौरस येतच नव्हता. त्यात पन्नास वर्षांत कापड कुठे आटलेलं, कुठे ताणलेलं. माझी जाळी तिसऱ्या रांगेपासूनच घसरायची. आरशाचा तुकडा आला की त्यात प्रोग्रॅमला माझ्याच फोनचा फ्लॅश दिसायचा.

व्हिडिओ कॉलवर दादीला हे रडगाणं ऐकवलं. तिनं कोथळी आतली बाहेर केली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. मागच्या बाजूला आरसा नव्हता, चमक नव्हती. धागा कुठून शिरला आणि कुठे वळला, एवढंच होतं.

"आम्ही चुका मागूनच शोधायचो," ती म्हणाली. दादी गोरमाटीत बोलते, इथे मी तिचं बोलणं मराठी करून लिहिते आहे. तिच्या पद्धतीत कापडावर आधी काही आखायचं नाही. धागे मोजायचे आणि सुई घालायची. नक्षी डोक्यात असते, आणि मोजणीत चुकलं तर ते मागून आधी कळतं. मागच्या बाजूचे फोटो घेतल्यावर प्रोग्रॅम चालला.

एका जागी मात्र तो अडायचा. नक्षी चारही बाजूंनी सारखी होती, फक्त खालच्या डाव्या कोपऱ्यात सात फुल्या पिवळ्याच्या जागी नारिंगी. प्रोग्रॅमनं त्या चूक समजून पिवळ्या करून टाकल्या. दृष्ट लागू नये म्हणून कारागीर मुद्दाम एक चूक ठेवतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. मोठ्या उत्सुकतेनं दादीला विचारलं.

"पिवळा दोरा संपला होता," ती म्हणाली. "बाजाराला चार दिवस होते."

बाजार म्हणजे चांदूरचा. अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन आहेत, एक चांदूर बाजार आणि दुसरं आमचं चांदूर रेल्वे. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची लाइन वऱ्हाडातून १८६७ मध्ये नागपूरला पोचली. वऱ्हाडचा कापूस तिच्यावरून मुंबईच्या बंदराकडे जायला लागला आणि आमच्या गावाला नावात रेल्वे मिळाली. आमचा तांडा स्टेशनपासून काही किलोमीटरवर, मालखेड-पोहऱ्याच्या जंगलाकडे. रात्री अंगणात झोपलं की मालगाडी ऐकू येते. या रुळांशी आमचा काय संबंध, हे मी कोथळीच्या नादात वाचायला लागले तेव्हा कळलं.

लमाण हा शब्द लवण म्हणजे मीठ यावरून आला, असं मानतात. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरणं हा बंजाऱ्यांचा धंदा होता. सैन्याला रसदसुद्धा तेच पुरवायचे. मालगाडी आल्यावर त्या बैलांना काम उरलं नाही. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि ठिकठिकाणी आमच्या लोकांवरही तो शिक्का बसला. तो कायदा देशभरातून १९५२ मध्ये गेला. माझ्या दाखल्यावरचं 'विमुक्त जाती' त्याच गोष्टीचं उरलेलं नाव आहे.

कंबरलेज नावाचा एक इंग्रज पोलीस अधिकारी तेव्हा वऱ्हाडात होता. त्यानं १८८२ मध्ये बंजाऱ्यांवर एक टिपण छापलं. त्यात तो देवाला सोडलेल्या एका बैलाचं वर्णन करतो. नाव हटाडिया. त्याच्या पाठीवर ओझं घालायचं नाही. अंगावर लाल रेशमी पट्ट्या, घुंगरं, पितळी कड्या, कवड्यांच्या माळा. हे वाचून मला आमच्या भरतकामाचा अर्थ लागला. ज्यांचं घर चालत असतं त्यांना कपाट परवडत नाही. भिंत नसते, तिच्यावर चित्र नसतं. जे काही सजवायचं ते पिशवीवर, बाईच्या अंगावरच्या फेटिया-कांचळीवर, नाहीतर बैलावर.

आणि कवडी हे एके काळचं चलन. दादीच्या कोथळीवर कवड्यांच्या रांगेत एका जागी भोक पाडलेलं दहा पैशांचं ॲल्युमिनियमचं नाणं आहे. एक कवडी पडली, दुसरी मिळेना, म्हणून तिनं नंतर तिथे नाणं शिवलं. मी 'परंपरेला नवं रूप' वगैरे शब्द वापरायला शिकले त्याच्या कितीतरी आधी दादीनं हे करून टाकलं होतं.

मग हे थांबलं का? प्रोजेक्टची टिपणं काढताना मी कारणं लिहिली होती: मशीनचं भरतकाम, स्वस्त साड्या, वेळेचा अभाव. ती खोटी नाहीत. पण आमच्या घरातलं कारण वेगळं होतं. बापू चौथीत असताना दादी फेटिया-कांचळीत त्यांना डबा द्यायला शाळेत गेली. पोरं हसली. बापू घरी येऊन म्हणाले, उद्यापासून येऊ नको. दादीनं साडी घेतली. पुढे याडी लग्न होऊन आली ती साडीतच, आणि दादीनं तिच्या हातात कधी सुई दिली नाही. हे बापूंनी मला सांगितलं, दादीनं नाही.

माझंही एक आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी गॅदरिंगला आमच्या ग्रुपच्या डान्सची थीम 'बंजारा लूक' होती. तीनशे रुपये भाड्यानं ड्रेस आणले. मशीनचं भरत, प्लास्टिकचे आरसे, चिकटवलेल्या कवड्या. मी तो घातला, पहिल्या रांगेत नाचले. "तुला किती सूट होतंय," मैत्रीण म्हणाली. मी हसले. माझी दादी हे घालायची, हे चार वर्षांत मी कुणालाच सांगितलं नाही.

म्हणून कोथळीचा तक्ता तयार झाल्यावर मला फार घाई झाली होती. काहीतरी फेडायचं होतं. मी कर्नाटकातल्या संडूरबद्दल वाचलं. तिथल्या लंबाणी भरतकामाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जुलै २०२३ मध्ये हंपीला जी-ट्वेंटीच्या बैठकीत तिथल्या बायकांनी भरलेल्या १,७५५ वस्तू मांडल्या आणि गिनीज बुकात नोंद झाली. तिथल्या चौदा टाक्यांची यादी मी दादीला वाचून दाखवली. तिला तीनच नावं ओळखीची वाटली. टाके मात्र फोटोत बघून तिनं बरेच ओळखले, नावं तिची वेगळी.

मग मी लॅपटॉपची स्लीव्ह डिझाइन केली. काळं मॅटी कापड, कारण त्यात धागे मोजता येतात, आणि त्यावर राखाडी, पांढऱ्या आणि थोड्या हिरव्या रंगात भरलेली एक पट्टी. आरसे काढले, लॅपटॉपला चरे पडतील म्हणून. कवड्या काढल्या, बॅगेत अडकतील म्हणून. मला ते फार छान वाटत होतं. प्रिंट घेऊन घरी गेले.

दादीनं कागद लांब धरून बघितला. नाराज होईल असं वाटलं होतं, झाली नाही. "काळ्यावर राखाडी मला संध्याकाळी दिसणार नाही," म्हणाली. "कुंकवाचा लाल दे आणि पिवळा दे, बाकी तुझं राहू दे." आरशांचं म्हणाली, "आत लाव. झाकण उघडलं की दिसला पाहिजे." आत मऊ अस्तर घालून झाकणाच्या पट्टीवर एकच छोटा आरसा बसला. स्लीव्ह माझ्या डिझाइनपेक्षा चांगली झाली.

पहिल्या पट्टीला तिला २६ तास लागले. मी मोजले. आमच्याकडे निंदणाचा रोज तीनशेच्या आसपास आहे, म्हणजे आठ तासांचे तीनशे. २६ तासांचे ९७५. कापड, दोरा, चेन, शिलाई मिळून ४००. एकूण १,३७५. मशीनवर अगदी तीच नक्षी उतरवून द्यायला एक जण ३४९ मध्ये तयार होता, आणि त्याला द्यायची फाइल माझ्याकडे तयार होती. ती मीच बनवली होती. त्या रात्री हे ध्यानात आल्यावर मला बरं वाटेना. नक्षी वाचवायची म्हणून मी जे केलं होतं, त्यानंच दादीची गरज संपत होती.

त्याच सुमारास कोरियातल्या एका कारागिराचा व्हिडिओ बघितला. शिंपल्याचे केसासारखे पातळ तुकडे कापून लाखेच्या पेटीवर बसवायचं काम. दक्षिण कोरियानं १९६२ मध्ये वारसा जपण्याचा कायदा केला. त्यात वस्तूंबरोबर कलासुद्धा वारसा ठरली, आणि ती ज्याच्या हातात आहे तो माणूस तिचा धारक. त्याला दरमहा मानधन मिळतं, आणि त्यानं पुढच्याला शिकवायचं असतं. तिथेही तरुण मुलं सहज मिळत नाहीत. पण पैसे कशाचे द्यायचे, हे तिथे ठरलेलं आहे. आमच्याकडे ते ठरवायला कोणतंही सरकार येणार नव्हतं, म्हणून मी दादीसमोर माझा हिशोब ठेवला.

तिनं ९७५ वर बोट ठेवलं. "हा कशाचा रोज?"

"निंदणाचा."

"निंदण कुणालाही येतं." थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "घर बांधताना मिस्तरीला काय दिलं? आणि रेजाला काय?"

मिस्तरीचा रोज आठशे होता. तासाला शंभर. २६ तासांचे २,६००, वर ४००. तीन हजार.

"एवढ्याला कोण घेणार?" मी म्हणाले.

"नाही घेतलं तर नाही घेतलं," दादी म्हणाली. "मी काही रिकामी बसलेली नाही."

मी तीन हजार किंमत ठेवली आणि सोबत एक चिठ्ठी घातली: किती तास, कोणत्या रोजानं, कुणाच्या हातचं. ऑफिसमधल्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'माझ्या दादीनं भरलंय, आम्ही बंजारा आहोत.' ते पाठवायला मला तीन हजारांच्या आकड्यापेक्षा जास्त वेळ लागला. एक जण म्हणाला, महाग आहे. दोघींनी ऑर्डर दिली. आतापर्यंत सात गेल्या आहेत. मशीनवाल्याला मी फाइल दिली नाही. सात स्लीव्हनी कला वाचत नाही, हे मला कळतं. मशीनवाला उद्या एक स्लीव्ह विकत घेऊन स्वतः टाके मोजू शकतो, हेही कळतं. तक्त्याच्या फाइलमध्ये खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या सात फुल्या मी परत नारिंगी करून ठेवल्या आहेत.

या उन्हाळ्यात दादीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. महिनाभर सुई बंद. दोन ऑर्डर अडकल्या होत्या. एका संध्याकाळी याडीचा फोन आला. तिनं स्वतःहून मॅटीचा तुकडा घेतला होता आणि दादी काळा चष्मा लावून शेजारी बसून धागे मोजायला सांगत होती. बावन्न वर्षांची माझी आई, तीस वर्षं सासूशेजारी राहिली आणि पहिल्यांदा तिच्याकडून टाका शिकत होती. तिसऱ्या रांगेत ती दोन धागे चुकली आणि ते आठव्या रांगेत कळलं. सगळं उसवावं लागलं. मागून दादीचं हसणं ऐकू येत होतं.

"एक विचारायचं होतं," याडी म्हणाली. "भरायला चार तास गेले आणि उसवायला दोन. तू तास लिहितेस ना? उसवायचे धरायचे का?"

मी लॅपटॉप उघडला, तिच्या नावाची नवी ओळ केली आणि सहा लिहिले.